तीनास एक कुठं गेलं, बाई?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका मुलुंडमध्ये राहतात आणि जवळच्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतात. पुढच्या मे अखेरीस त्या निवृत्त होतील. काही वर्षांपूर्वी बंगळुरूच्या भाच्यानं त्यांना डे लिलीचे फुटवे आणून दिले. एक पिवळी, एक गडद लाल आणि नावगाव नसलेली एक नारिंगी. इमारतीच्या गच्चीवर तिन्ही छान रुजल्या. तीन वर्षांपूर्वी बाईंनी फुलावर आलेल्या कुंड्या रिक्षात घालून शाळेत नेल्या आणि नववीच्या मुलांकडून पिवळीवर लाल फुलाचे पराग लावून घेतले. बोंडं धरली, बी मिळालं, वीसेक रोपं झाली. नारिंगीवर मात्र कितीही खटपट केली तरी बोंड धरलं नाही. यंदा मार्चमध्ये पाच रोपं पहिल्यांदा फुलली. दोन विटकरी, एक पीच रंगाचं, एक पिवळंच पण मध्ये लालसर पट्टा असलेलं आणि एक मळकट नारिंगी. फोटो वर्गात दाखवले तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, पुस्तकातलं तीनास एक कुठं गेलं?" म्हणजे वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं गुणोत्तर, तीन उंच रोपांमागे एक बुटकं. बाईंना उत्तर देता आलं नाही. ज्या मुलांनी संकर केला ती आता ज्युनियर कॉलेजात आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात, यातलं बोर्डाला काय येणार? वरच्या मजल्यावर गळतंय म्हणून सोसायटीनं पावसाच्या आत गच्ची रिकामी करायची नोटीस दिली आहे. शाळेच्या नावानं एक नवी जात नोंदवावी असं बाईंच्या मनात होतं. आता त्या विचारतात, प्रयोग फसला असं समजून रोपं वाटून टाकू का? आणि शेवटच्या वर्षात नवं काही सुरू करण्यात अर्थ आहे का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की घरच्या मांजरीला या रोपांची पानं कुरतडायला फार आवडतात.

बाई,

बाकी सगळं नंतर. आधी मांजर. डे लिली मांजरांना विषारी असते. पानं, फुलं, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पान कुरतडलेलं दिसलं तर उलट्या होतात का, खाते का, हे बघत बसू नका, सरळ पशुवैद्याकडे न्या. माणसांना हा धोका नाही. चीनमध्ये डे लिलीच्या वाळवलेल्या कळ्या सूपमध्ये घालतात. पण मांजर घरात आहे तोवर एकही कुंडी गॅलरीत आणायची नाही, एवढं पक्कं धरा. म्हणजे गच्ची गेली तर रोपांना जागा एकच उरते, ती शाळेची. मला विचाराल तर एरवीही तीच बरी.

आता त्या मुलाकडे येते. त्याला उत्तर देता आलं नाही म्हणून तुम्ही ओशाळलात. पण तुमची पाच रोपं ही संकराची पहिली पिढी आहे. अगदी पुस्तकातला मेंडेल घेतला तरी पहिल्या पिढीत तीनास एक येत नाही. तिथं सगळी रोपं एकसारखी येतात. त्यांचं स्वपरागण होऊन दुसरी पिढी आली की मग तीनास एक. तेव्हा पोरानं खरं तर विचारायला हवं होतं, 'बाई, ही पाचही सारखी का नाहीत?' त्याला ते सुचलं नाही आणि रागावू नका, तुम्हालाही सुचलं नाही. गुणोत्तर आपल्याकडे इतकं घोकून झालेलं असतं की ते कुठल्या पिढीचं, हे मागे पडतं. उद्या शाळा उघडली की त्याला एवढंच सांगा की तुझा प्रश्न एक पिढी आधीच आला. मग त्याच्याकडूनच दुसरा प्रश्न निघतो का ते पाहा.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त रंजक आहे. मेंडेलनं वाटाण्याचे संकर सुरू करण्याआधी दोन वर्षं नुसते वाण लावून तपासले होते. उंचाच्या पोटी उंचच येतात ना, पिवळ्या दाण्याच्या पोटी पिवळेच येतात ना, याची खातरजमा केली आणि मगच कामाला लागला. त्याचे आईबाप शुद्ध होते, म्हणून त्याची पहिली पिढी एका रंगारूपाची आली. तुमची लाल डे लिली तशी शुद्ध असणं शक्यच नाही. मूळच्या जंगली डे लिली चीन, जपान, कोरियाकडच्या आणि बहुतेक पिवळ्या नाहीतर नारिंगी. बागेतल्या संकरांची नोंद सुरू होते ती 'अ‍ॅप्रिकॉट' या १८९३ सालच्या जातीपासून आणि ती करणारे जॉर्ज येल्ड हे इंग्लंडमधले शाळामास्तर होते. तुमच्याच बिरादरीतले! खरा लाल रंग मिळायला त्यानंतर चाळीस वर्षं गेली. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो स्टाउट यांनी पिढ्यामागून पिढ्या संकर करत १९३४ साली 'थेरॉन' ही लाल जात आणली. पुढे हौशी लोकांनी या झाडाचा असा काही ध्यास घेतला की आज नोंदलेल्या जातींची संख्या लाखाच्या घरात आहे. भाच्यानं आणलेल्या त्या एका लाल फुटव्यात पिवळे, नारिंगी, गुलाबी असे कितीतरी पूर्वज दडलेले आहेत. तिचा प्रत्येक परागकण वेगळा वाटा घेऊन निघतो. म्हणून एकाच बोंडातलं बी असूनही भावंडांची तोंडं पाच दिशांना.

शिवाय इथं रंगाचा कारभार एका जनुकाच्या हाती नाही. पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइडांचा, तो पेशीतल्या वर्णलवक नावाच्या कणांत असतो. लाल-जांभळा अँथोसायनिनांचा, तो रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या पिशवीतल्या, रसात विरघळलेला असतो. एकाच पाकळीत हे दोन्ही असू शकतात आणि त्यांचं प्रमाण बदललं की विटकरी, पीच, मळकट असे रंग दिसतात. ज्या 'मळकट नारिंगी'ला तुम्ही नाक मुरडलंय ना, वर्गात सगळ्यात उपयोगी फूल तेच आहे. त्याच्या दोन पाकळ्या खलबत्त्यात ठेचून गरम पाण्यात घाला. लाल रंग पाण्यात उतरतो, पिवळा मात्र चोथ्यातच राहतो, कारण तो पाण्यात विरघळत नाही. मग त्या गाळलेल्या पाण्याचे दोन भाग करा. एकात लिंबू पिळलं की लाली खुलते, दुसऱ्यात खायचा सोडा टाकला की ती जाऊन हिरवट-निळसर छटा येते. जास्वंदीच्या पाकळीचा हा खेळ मुलांना ठाऊक असतो. इथं फरक एवढाच की एका फुलात दोन रंगद्रव्यं होती हे मुलांना डोळ्यांनी वेगळं करून बघता येतं. संकराचं फूल आईसारखंही नाही आणि बापासारखंही नाही असं का, हे यानंतर फारसं सांगावं लागत नाही.

नारिंगीचं कोडंही बहुधा सुटण्यासारखं आहे. जगभर बागांत, रस्त्यांच्या कडेला जी जुनी नारिंगी डे लिली पसरलेली आहे ती त्रिगुणित असते. साध्या डे लिलीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे बावीस गुणसूत्रं. हिच्यात तीन संच, तेहतीस. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी तीन संचांची दोन सारखी वाटणी होत नाही, मग धड युग्मकं, म्हणजे फलनाला लागणाऱ्या लिंगपेशी, बनत नाहीत आणि बोंड धरत नाही. ही जात बी न धरता नुसत्या फुटव्यांवर खंड ओलांडून गेली. स्टाउट यांनीही या नारिंगीच्या वांझपणावर बरीच वर्षं घालवली. तुमच्या मुलांनी तिच्यावर केलेला प्रत्येक 'फुकट' प्रयत्न वहीत लिहिलेला असेल, तर अर्धगुणसूत्री विभाजन शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा, आपण पराग लावले आणि काहीच झालं नाही, हे मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

इतर वाचकांसाठी इथंच एक सांगून ठेवते. नर्सरीत नाव नसलेली डे लिली घ्याल तर तिच्या संचांचा भरवसा नसतो. दोन संचांची आणि चार संचांची यांचा आपापसात संकर सहसा जमत नाही. चार संचांच्या जाती मुळात कोल्चिसिन वापरून केल्या गेल्या. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत असतं आणि ते जबर विषारी आहे. समाजमाध्यमांवर घरच्या घरी संच दुप्पट करायचे व्हिडिओ बघून कुणी शाळेत असला उद्योग करू नये. दोन-तीन मोसम बोंड धरलंच नाही तर जोडी बदला आणि पुढे चला. दुसरं, थंड प्रदेशातल्या ज्या जाती हिवाळ्यात पानं टाकून झोपी जातात त्यांना मुंबईची थंडी पुरत नाही. बारमाही हिरव्या राहणाऱ्या जातीच मागून घ्या. रोज सहा तास ऊन नसेल तर पानंच पानं येतील, दांडा येणार नाही. बॉक्स ग्रिलमध्ये, वरच्या मजल्याच्या सावलीत ठेवून 'फुलत नाही' म्हणू नये.

बाई, तुमच्या पत्रातली एक ओळ मला खटकली. 'डे लिली घेऊन मेंडेल शिकवता आला नाही' असं तुम्ही लिहिता. डे लिलीकडून मेंडेल कशाला शिकवून घ्यायचा? ज्या कामाला ती चांगली आहे ते तुमच्या वर्गात आधीच झालेलं आहे. फुलाचे भाग दाखवायला आपण जास्वंद घेतो, कारण ती हाताशी असते. पण जास्वंदीचे पुंकेसर एका नळीला चिकटलेले, स्त्रीकेसर त्याच नळीतून बाहेर आलेला. मुलं ते ओरबाडून काढतात आणि शेवटी आकृतीच पाठ करतात. डे लिलीत सहा पुंकेसर सुटे, लांब, चिमट्यात धरता येतील असे, आणि स्त्रीकेसर त्या सगळ्यांहून लांब, टोकाशी जरा वर वळलेला. सकाळच्या अधिवेशनात सात-साडेसातला फूल उमललेलं असतं. परागकोश फुटून पिवळी भुकटी दिसू लागली की एक पुंकेसर देठापासून खुडायचा, त्याचीच कांडी धरायची आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर टोकाला हलकेच घासायची. ब्रश लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. कुक्षीवर पिवळा ठिपका दिसतो, मग दोरा बांधायचा. फूल संध्याकाळी मिटतं आणि दुसऱ्या दिवशी लोंबतं. चार-पाच दिवसांनी वाळकं फूल हलक्या हातानं बाजूला केलं आणि खाली हिरवी गोळी फुगलेली असली की काम झालं. दीड-दोन महिन्यांत बोंड तपकिरी होऊन टोकाशी चिरतं, आत काळं कुळकुळीत, मिऱ्याएवढं बी. परागणापासून बीपर्यंतचा सगळा प्रवास नववीच्या मुलानं स्वतःच्या हातानं केलेला असतो.

मुंबईत फक्त दोन गोष्टी आड येतात. मार्च-एप्रिलमध्ये पारा पस्तिशीकडे गेला की बोंडं धरत नाहीत किंवा धरून गळतात, म्हणून परागण भल्या सकाळी आणि जमलं तर मोसमाच्या पहिल्या फुलांवर उरकायचं. आणि दमट हवेत पराग गोळा होऊन चिकटतो. अशा वेळी परागकोश कागदावर पंख्याखाली दोन तास वाळवून, छोट्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवले तर पुढचे काही दिवस कामी येतात. पाऊस लागल्यावर तो नाद सोडून द्यावा.

आता मेंडेलच हवा असेल, आणि नववीच्या पुस्तकात असल्यानं तो हवाच, तर गुलबक्षी लावा. चेष्टा करत नाही. चाळीच्या कडेला, संडासामागे, रेल्वे क्वार्टर्सच्या कुंपणाला आपोआप उगवणारी तीच गुलबक्षी. मेंडेलचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कार्ल कोरेन्स यांनी तिच्यावर काम केलं आणि लाल व पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून पहिल्या पिढीत गुलाबी, दुसऱ्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी हे गणित पाठ्यपुस्तकांत गेलं. मेंडेलनं स्वतः गुलबक्षीवर एक सुरेख प्रयोग केला होता. फलनाला एकच परागकण पुरतो का, हे त्याला पाहायचं होतं. एकेक कण ठेवून पाहिला आणि पुरतो असं दिसलं. हिचे परागकण इतके मोठे असतात की चांगली नजर असलेल्या मुलाला भिंगाशिवाय दिसतात.

दुपारच्या अधिवेशनाच्या शाळांना तर ती फारच सोयीची, कारण फुलं चारच्या पुढे उमलतात. उमलायच्या आधी, दुपारी, कळी अलगद उघडून तिचे पुंकेसर काढून टाकायचे, नाहीतर मिटताना ती स्वतःच स्वतःचं परागण उरकते. सुटी व्हायच्या वेळी दुसऱ्या रंगाचे पराग लावायचे. एका फुलाला एकच बी येतं, त्यामुळे कुठलं बी कुठल्या संकराचं हा घोळ होत नाही. जूनमध्ये पेरलेलं बी ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं. तेव्हा केलेल्या संकराचं बी लगेच पेरलं तर नाताळच्या सुमारास पहिली पिढी फुलेल आणि तिचं बी पुढच्या जूनमध्ये पेरून दुसरी पिढी मोजता येईल. म्हणजे नववीत सुरू केलेला प्रयोग त्याच मुलांना दहावीत, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकताना, मोजता येतो. तुमच्या डे लिलीची मुलं कॉलेजात निघून गेली ही खंत इथं उरत नाही. बी आणि मुळं पोटात गेली तर बाधतात, तेव्हा हात धुवायला लावा. आणि मोजणी केल्यावर एकास दोनास एक बरोबर येणार नाही, हेही आधीच मनाशी धरा. सोळा रोपांत चार-आठ-चारऐवजी सहा-सात-तीन आलं तर मुलांनी आकडे 'नीट' करून लिहू नयेत. दोन तुकड्यांची बेरीज केली की आकडे कसे जवळ सरकतात ते दाखवा. आपल्याकडे प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर लिहायची जी खोड आहे, ती मोडायला याहून चांगली संधी नाही.

मग डे लिलीचं काय? ती दुसऱ्या कामासाठी ठेवायची. नववीच्या धड्याचं नाव 'आनुवंशिकता व परिवर्तन' असं आहे. आनुवंशिकतेचं गणित सगळे सोडवतात आणि परिवर्तनाला दोन ओळी मिळतात. तुमची वीस भावंडं म्हणजे परिवर्तन, समोर उभं. दांड्याची उंची, पाकळीची रुंदी, कळ्या किती, पहिलं फूल कुठल्या तारखेला, हे मोजून आलेख काढला तर मधल्या उंचीची रोपं जास्त, टोकांची कमी असं चित्र दिसू लागतं. उंच-बुटकं अशा दोन खणांत जग का बसत नाही, हे मुलांना त्यातून कळेल.

मुलं शाळा सोडून जातात आणि फूल नंतर येतं, याचं दुःख तुम्ही जरा जास्तच लावून घेतलंय असं मला वाटतं. ज्यानं पराग लावला त्यालाच फूल दिसलं पाहिजे असं कुणी ठरवलं? पण त्यासाठी एक गोष्ट चोख हवी, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती म्हणजे नोंद. कुठलं रोप कुठल्या बोंडातलं, आई कोण, बाप कोण, तारीख, पराग लावणाऱ्याचं नाव. मुंबईच्या पावसात स्केचपेन आणि स्टिकर एका मोसमात पुसले जातात. पेन्सिलीनं लिहिलेलं प्लॅस्टिकच्या पट्टीवर टिकतं. त्याहून टिकाऊ हवं असेल तर शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापा, कडा दुमडून बोथट करा आणि बोथट खिळ्यानं अक्षरं कोरा. एक पट्टी कुंडीत वर खोचायची, तसाच क्रमांक असलेली दुसरी मातीत पुरायची, कारण वरची पट्टी कुणीतरी उपटतंच. आणि एक जाड बांधणीची वही, जी शाळेच्या प्रयोगशाळेत राहील, घरी जाणार नाही. कॉलेजात गेलेल्या मुलांचे नंबर तुमच्या फोनमध्ये असतीलच. त्यांच्या नावच्या रोपाला फूल आलं की फोटो पाठवा. निदान दोघं तरी बघायला येतील, आणि आली की नववीच्या मुलांना त्यांच्याकडूनच माहिती घेऊ द्या.

नव्या जातीची नोंद करण्याबद्दल. ही नोंद अमेरिकन डे लिली सोसायटीकडे (आधीचं नाव अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटी) होते. १९५५ पासून जगभरच्या डे लिलींच्या नावांची दप्तरदारी तिच्याकडे आहे. नाव, वर्णन, मापं, फोटो दिले की हौशी माणसालाही नोंद करता येते. पण ती नोंद म्हणजे बक्षीस नव्हे. आधीच लाखाच्या घरात नावं आहेत आणि तुमच्या विटकरी रंगाची भावंडं त्यात शेकड्यांनी असतील. नाव द्यायला माझी ना नाही. पण ते पहिल्या मोसमाच्या फुलावरून देऊ नये. कोवळ्या रोपाचं पहिल्या वर्षीचं फूल पुढच्या वर्षी तसंच येईल असं नाही. दोन-तीन मोसम बघा, उन्हात रंग टिकतो का, पावसाळ्यात बुडखा कुजतो का, तांबेरा धरतो का. मुंबईच्या घामट हवेत धडधाकट राहणारं आणि भरपूर कळ्या देणारं एखादं रोप निघालं तर ते खरंच नाव देण्याजोगं. मग रंग मळकट असला तरी चालेल. तोवर वर्गापुरतं टोपणनाव मुलांनाच ठेवू द्या. ती तुमच्या-माझ्याहून चांगली नावं काढतात.

सोसायटीशी भांडू नका. वरच्या मजल्यावर गळतंय ही तक्रार खरी असेल तर भिजलेल्या कुंड्यांचा भार आणि मुळाशी साचणारं पाणी हे कारण नाकारता येणार नाही. शिवाय कुंड्यांखाली ताटल्या असतील तर जूनमध्ये महापालिकेची डासांच्या अळ्या शोधणारी माणसं येऊन सेक्रेटरीला बोलतील आणि सेक्रेटरी तुम्हाला. आत्ता गच्ची मोकळी करून द्या. फुलून गेलेल्या डे लिलीची पानं वितभर ठेवून छाटली, माती झाडून फुटवे सुटे केले, तर सगळा संसार दोन पिशव्यांत मावतो. शाळेत कोकोपीट आणि शेणखत मिसळलेल्या हलक्या मातीत, भोकं असलेल्या ग्रो बॅगमध्ये, पाणी साचणार नाही अशा बेतानं लावा. पावसाच्या तोंडावर हलवणं आदर्श नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा पडला असता. पण या झाडाला सोसायची सवय असते. पहिला महिना वळचणीला ठेवा, बुडखा मातीत खोल गाडू नका, एवढं पुरे.

मुख्याध्यापिकांना फुलांचं कौतुक सांगू नका, त्यांना कागद द्या. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत नववीच्या मुलांना कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो, आणि तुमच्याकडे तीन वर्षांची सामग्री तयार आहे. कुंड्यांच्या बागेची सवय नसलेल्या एखाद्या तरुण शिक्षिकेला तुमच्याबरोबर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत घेऊन जा. तिथं शहरी शेतीचं काम बरीच वर्षं चाललं आहे. तुमच्यानंतर कुंड्यांना पाणी कोण घालणार, हा मुख्याध्यापिकांचा न बोललेला प्रश्न आहे. त्या शिक्षिकेचं नाव घेऊनच त्यांच्याकडे गेलात तर निम्मा विरोध मावळेल.

राहिली वीस रोपं. फुललेली पाचही ठेवा. न फुललेल्यांपैकी जोमदार सात-आठ ठेवा, उरलेली त्या मुलांना द्या ज्यांनी पराग लावले होते, मात्र घरात मांजर आहे का ते आधी विचारून. पुढच्या फेब्रुवारीत दांडे दिसू लागले की दोन विटकऱ्यांचा आपापसात संकर करा आणि तो तीनास एकवाल्याच्या हातून. तोवर तो दहावीच्या परीक्षेच्या गडबडीत अडकलेला असेल, पण सकाळची दहा मिनिटं काढेल. त्या बोंडाचं बी पिकेल तेव्हा तुमच्या निवृत्तीला महिना उरलेला असेल आणि पेरणी नव्या बाईच करतील.

आणि यंदाच्या जूनसाठी गुलबक्षीचं बी आत्ताच गोळा करायला लागा. मुलुंड पूर्वेला जुन्या बैठ्या घरांच्या कुंपणांशी संध्याकाळी एक चक्कर मारली तरी मिळेल. गडद लाल आणि पांढरी अशी वेगळी पाकिटं करा. पांढऱ्यावर रंगीत रेघ किंवा ठिपका असेल तर ते झाड सोडून द्या, तिथं गणित बिघडतं. शक्य तर दोन्ही रंगांची थोडी रोपं आधी एकदा फुलू द्या, म्हणजे आपल्या रंगावर ती ठाम आहेत का ते कळेल. पिवळ्या गुलबक्षीचं बी मात्र या भानगडीत अजिबात मिसळू देऊ नका.